कॅमेऱ्याची बॅग दादरच्या जिन्यावर तोला

नवखा फोटोग्राफर बॅगेचं वजन घरच्या काट्यावर बघतो. काटा आठ-नऊ किलो दाखवतो, 'एवढं जमेल की' म्हणून तो निघतो. मुंबईत ते वजन खरं कळतं ते संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनच्या जिन्यावर, पुढून-मागून माणसं रेटत असताना. म्हणून आधी एक शोधून काढा : तुमच्या दिवसातली सगळ्यात वाईट दहा मिनिटं कुठली? त्या दहा मिनिटांत जेवढं ओझं घेऊन डोकं शांत ठेवता येईल, तेवढंच घरातून उचला. बाकीचं भाड्याने घ्या, असिस्टंटकडे द्या, टॅक्सीत टाका, नाहीतर कपाटात राहू द्या. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय. लग्नं, इव्हेंट, सणवार आणि कॉर्पोरेट कामं करणाऱ्यांना ते जास्त कामाला येईल; जंगलात सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन फिरणाऱ्यांचं दुखणं निराळं.

१. बॅग भरण्याआधी फोन करा

काम ठरलं की पार्टीला (काम देणाऱ्याला) किंवा हॉलच्या मॅनेजरला फोन करून चार गोष्टी विचारा. हॉल कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट चालू आहे का? स्टेजचं लाइटिंग कोणाकडे आहे? सामान ठेवायला कुलूप लागेल अशी खोली मिळेल का? गिरगाव-दादरकडच्या जुन्या हॉलांत 'लिफ्ट आहे' याचा अर्थ केटररच्या टोपांमधून जागा उरली तर लिफ्ट आहे, असा घ्यायचा.

मग वेळ बघा. सकाळी नऊचा मुहूर्त असेल तर तुम्ही सहा-साडेसहालाच निघणार, तेव्हा गाडीत बसायलाही जागा मिळते. त्यामुळे भरपूर सामान नेण्याचा मोह होतो. पण पाठवणी आटपून तुम्ही परत निघणार ते नेमके पाच-सहाच्या गर्दीत, दमून आणि उपाशीपोटी. परतीच्या प्रवासाला झेपेल एवढंच सामान सकाळी घ्या.

२. वजनाचा कागद करा

प्रत्येक वस्तूचं वजन एकदाच काढून लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. हे कंटाळवाणं काम कोणी करत नाही, आणि मग दुखणाऱ्या खांद्याला बॅगेची कंपनी जबाबदार धरली जाते.

उदाहरणादाखल आकडे घ्या. सोनी ए७-४ ची बॉडी बॅटरी-कार्डासकट साधारण ६६० ग्रॅम. अशा दोन बॉड्या, २४-७० मिलिमीटरच्या एफ/२.८ झूम लेन्सची (एफचा आकडा लहान, तेवढा उजेड जास्त आत येतो) दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅम, ७०-२०० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती १०४५ ग्रॅम, वर ३५ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) ५२४ ग्रॅम. झाले साडेतीन किलोंच्या वर. दोन फ्लॅश सेलसकट धरा एक किलो. बॅटऱ्या, चार्जर, कार्डांचं पाकीट, पुसायचं कापड, रेनकव्हर मिळून आणखी किलोभर. चांगली पॅडिंगवाली रिकामी बॅगच दोन किलोंच्या घरात जाते. त्यात लिटरभर पाण्याची बाटली. म्हणजे ट्रायपॉड न घेताच तुम्ही साडेआठ किलोंवर आलात.

आता हाच संच जुन्या डीएसएलआरचा मांडून बघा. निकॉन डी८५० ची एक बॉडी १००५ ग्रॅम, तिची २४-७० व्हीआर १०७० आणि ७०-२०० एफएल १४३० ग्रॅम. दोन बॉड्या आणि या दोन लेन्स मिळून साडेचार किलो. सोनीचे तेवढेच चार नग तीन किलो साठ ग्रॅम भरतात. फरक जवळपास दीड किलोचा. म्हणून लगेच कर्ज काढून सोनीसारखा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या असं माझं म्हणणं नाही. डी८५० आजही उत्तम काम देतो. पण वजन कमी करण्यासाठी महागडी बॅग घेणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. दहा हजारांची बॅग ओझं नीट विभागते, कमी करत नाही.

कागद तयार झाला की प्रत्येक वस्तूपुढे लिहा : गेल्या काही कामांत ही किती वेळा बाहेर निघाली? मॅक्रो लेन्स फक्त अंगठ्यांच्या दोन फोटोंसाठी जात असेल, तर तिच्याऐवजी एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) न्या. उजेडातली कॉर्पोरेट कामं किंवा गच्चीवरची हळद असेल तर एफ/४ ची टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) पुरते; कॅननची आरएफ ७०-२०० एफ/४ अवघी ६९५ ग्रॅमची आहे. रात्रीच्या रिसेप्शनला मात्र एफ/२.८ वर तडजोड करू नका, तिथे ते वजन पैसे कमावून देतं.

दुसरी बॉडी कधीच वगळायची नाही. मंगलाष्टकं सुरू असताना शटर अडकलं तर भटजी थांबणार नाहीत.

३. बॅग भरायची कशी

जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या थोड्या खाली. ७०-२०० बाहेरच्या खणात टाकली तर तीच बॅग मागे ओढते, माणूस पुढे वाकून चालतो आणि रात्री कंबर धरते. हलक्या गोष्टी, म्हणजे चार्जर, केबल, रेनकव्हर, बाहेरच्या बाजूला. कमरेचा पट्टा शोभेचा नसतो. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला की खांद्यांवरचा बराच भार खाली उतरतो. छातीवरची क्लिपही लावा. पट्ट्यांची लोंबती टोकं रबराने गुंडाळून टाका, लोकलमधून उतरताना तीच दुसऱ्याच्या बॅगेत अडकतात.

एका खांद्याची झोळीबॅग दोन-अडीच किलोंपर्यंत ठीक. त्यापुढे ती रोज वापरली तर मान एका बाजूला दुखायला लागते. चाकांची ट्रॉली विमानतळावर आणि पंचतारांकित हॉटेलात छान पळते. पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर आणि रेल्वेच्या पुलावर ती उचलूनच न्यावी लागते, आणि रिकामी ट्रॉलीच चार किलोंच्या आसपास असते. गाडीने जाणार असाल तरच ती घ्या.

प्रत्येक वस्तूचा खण कायमचा ठरवा. याचा खरा फायदा रात्री अकराला कळतो, हॉलवाला दिवे मालवत असताना. रिकामा खण दिसला की काय राहिलंय ते लगेच समजतं, यादी वाचत बसावं लागत नाही. बॅटऱ्यांना एक खूण ठरवा : भरलेली लेबल वर, संपलेली लेबल खाली. कार्डांनाही तीच पद्धत. आणि भरलेली कार्डं बॅगेत ठेवायचीच नाहीत. ती अंगावर, आतल्या चेनच्या खिशात. कॅमेरा गेला तर दुसरा येईल, लग्न परत लागत नाही.

४. लोकल, मेट्रो, टॅक्सी

नवख्यांची खरी परीक्षा इथे असते, म्हणून जरा सविस्तर.

सकाळी चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी विरार-कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात, हे मुंबईकराला सांगायला नको. उलट दिशेचं काम असेल तर बिनधास्त लोकलने जा. गर्दीच्या दिशेचं असेल तर दोनच पर्याय : गर्दी सुरू होण्याआधी पोचा आणि हॉलजवळ चहा पीत बसा, किंवा टॅक्सीचे पैसे पार्टीकडून घ्या. फर्स्ट क्लासचा पास रोज काम असेल तर परवडतो, पण ऐन गर्दीत तिथेही उभं राहायला जागा नसते. एसी लोकलचे दरवाजे बंद होतात, तेवढा सामानाला धोका कमी.

प्लॅटफॉर्मवर गाडी दिसली की बॅग पाठीवरून काढून छातीवर घ्या. चढताना हे सुचत नाही. छातीवरच्या बॅगेवर हात आडवा ठेवला की चेन उघडली जात नाही आणि मागच्या माणसाच्या नाकावर तुमची बॅग आदळत नाही. आत गेल्यावर कोणी आपुलकीने म्हणेल, 'द्या, वर ठेवतो.' कॅमेऱ्याची बॅग रॅकवर ठेवायची नाही. धक्क्याने ती सरकते, आणि उतरताना चार माणसांच्या हातांतून ती तुमच्यापर्यंत येईतो गाडी सुटते. बसायला मिळालं तर मांडीवर, उभे असाल तर छातीवर.

उपनगरांतून फास्टने येऊन दादरला उतरायचं असेल तर पश्चिम रेल्वेवर वांद्रं आणि मध्य रेल्वेवर कुर्ला गेल्याबरोबर पुढे सरकायला लागा. पुढच्याच्या खांद्याला हात लावून 'दादर?' एवढं विचारलं की माणसं आपोआप जागा बदलतात. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हे आधीच माहीत करून घ्या. अवजड बॅग घेऊन शेवटच्या क्षणी बाजू बदलता येत नाही.

ट्रायपॉड बॅगेला आडवा बांधू नका. उभा, पाय खाली, हातात. लाइट स्टँडची लांब बॅग, सॉफ्टबॉक्स, बॅकड्रॉपचे पाइप हे गर्दीच्या लोकलचं सामान नव्हे. आणि पाठीवर एक बॅग आहे म्हणून मालडब्यात घुसू नका. तो मासळीच्या टोपल्या आणि डबेवाल्यांच्या क्रेट वाहणाऱ्यांचा डबा आहे, त्याचं तिकीटही वेगळं.

मेट्रोने फोटोग्राफरांचं बरंच भलं केलंय. भुयारी तीन नंबरची लाइन ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक ही सगळी आपल्या कामाची ठिकाणं तिच्यावर आहेत. लिफ्ट आणि सरकते जिने असतात, गाडी थंड असते. आत जाताना बॅग स्कॅनरमधून जाते. डिजिटल सेन्सरला आणि कार्डांना त्या एक्स-रेने काही होत नाही, घाबरू नका. सुरक्षारक्षकाने फ्लॅशच्या बॅटऱ्यांबद्दल विचारलं तर हसून दाखवा, वाद घालू नका. पाच मिनिटं जास्त धरून निघा म्हणजे झालं.

रिक्षा वांद्रं आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत. अंधेरीहून फोर्टला सामान न्यायचं तर टॅक्सीच. अॅपवरून गाडी मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवा : शहरातल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि डिकीत सिलिंडर असतो. डिकीत एक सुटकेस जेमतेम मावते. स्टँडची बॅग असेल तर मोठी गाडी मागवा, किंवा वर कॅरिअर असलेली काळी-पिवळी पकडा. डिकीत आणि कॅरिअरवर फक्त स्टँड, सँडबॅग, छत्र्या. कॅमेरा आणि लेन्स नेहमी तुमच्यासोबत मागच्या सीटवर. उतरल्यावर पैसे द्यायच्या आधी सामानाचे नग मोजा, दिल्यावर नव्हे.

गाडीत काही विसरलं तर टॅक्सीचा नंबर लागतो, म्हणून बसतानाच नंबरप्लेटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रेल्वेत काही राहिलं किंवा चोरीला गेलं तर १३९ वर फोन करा आणि रेल्वे पोलिसांत तक्रार नोंदवा. विम्याच्या दाव्याला ती तक्रार लागतेच.

५. हॉलमध्ये आणि गर्दीत

पोचल्यावर पहिलं काम : बॅगेची जागा. स्टेजमागचा कोपरा सोयीचा वाटतो, पण वऱ्हाडाची चप्पल, आहेराच्या पिशव्या आणि पळणारी पोरं सगळी तिथेच येतात. नवरीच्या खोलीत, एखाद्या मावशी-आत्यांच्या नजरेखाली बॅग ठेवलेली बरी. 'मावशी, ही बॅग जरा बघाल ना?' एवढं म्हटलं की ती बॅग अख्ख्या हॉलमधली सगळ्यात सुरक्षित बॅग होते.

मग अंगावर काय ठेवायचं ते ठरवा. दोन बॉड्या गळ्यात लटकवून बारा तास काढण्याऐवजी खांद्यांचा दुहेरी हार्नेस वापरा. वजन पाठीवर विभागलं जातं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ७०-२०० सारख्या लेन्सला पट्टा लावायचा तो लेन्सच्या कॉलरला (तिच्याभोवतीच्या कड्याला), बॉडीच्या कडीला नाही. नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो. हातात धरतानाही डावा तळहात लेन्सच्या खाली आणि कोपर बरगड्यांना टेकलेलं. भाषणं आणि संगीताचे नाच चालू असताना मोनोपॉड लावा. फोटो न काढता उभे असाल तेव्हा कॅमेरा टेबलावर ठेवा. हे फारच साधं वाटेल, पण दिवसभर कॅमेरा उगाच हातात धरून बसल्याने मनगटं जातात. बोटांना मुंग्या येत राहिल्या तर बाम चोळत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि व्यायामासाठी जिमच हवी असं नाही : दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन ताठ चाललं तरी पकड आणि खांदे दोन्ही तयार होतात.

अंतरपाट दूर होताना अक्षता उडतात. त्या क्षणी बॅग उघडी असेल तर आठवडाभर तिच्यातून तांदूळ निघतात. त्रास तांदळाचा नाही, त्यांना लागलेल्या हळदकुंकवाचा. चेन बंद ठेवायची सवय लावा.

गणपतीत हेच दहापटीने. लालबागला विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल हवेत तरंगत असतो. तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. दोन बॉड्या, दोन लेन्स, घरूनच बसवून न्यायच्या. झूम करताना लांब होणारी लेन्स हवेसोबत गुलालही आत ओढते, म्हणून जिची लांबी बदलत नाही अशी लेन्स किंवा प्राइम बरी. बॅगसुद्धा नको, कमरेला एक छोटा पाउच, त्यात बॅटऱ्या आणि कार्डं. त्या गर्दीत पाठीवरची बॅग तुम्हालाही धोक्याची आणि मागच्यालाही. दहीहंडीला गुलालाच्या जागी पाण्याचा मारा असतो, बाकी नियम तेच. घरी आल्यावर कॅमेरा आधी हवेच्या फुंकणीने उडवून घ्यायचा, मगच कापड लावायचं. उलट केलंत तर काचेवर गुलाल घासला जातो.

६. पावसाळा आणि खारी हवा

जून ते सप्टेंबर मुंबईत लेन्स पावसाने क्वचित मरतात, कपाटात जास्त मरतात. फोमच्या बंद बॅगेत ओलसर हवा कोंडते, काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उठतात, आणि ते एकदा कोटिंगमध्ये उतरले की साफ करूनही डाग राहतो. सामान बॅगेतून बाहेर काढून ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांमध्ये राखा. कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवा. पावसाळ्याचे चार महिने काम नसलं तरी आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवा.

एसी हॉलमधून दमट गच्चीवर आलात की काच धुरकटते. पुसू नका, परत येते. बाहेर जाण्याआधी कॅमेरा बंद बॅगेत घालून बाहेर न्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढा. मुहूर्त अगदी तोंडावर असेल तर एक बॉडी आधीपासूनच बाहेर असिस्टंटच्या हातात ठेवा.

भिजलेलं रेनकव्हर बॅगेत आत कोंबू नका, वेगळ्या पिशवीत. मरिन ड्राइव्हला भरतीच्या लाटा किंवा चौपाटीवर काम केलंत तर ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण उघडून वाळवा. मीठ सांध्यात बसलं की पाय फिरायचे थांबतात.

७. विमानाने जाताना

देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅग साधारण ७ किलो. म्हणून बॉड्या, लेन्स, कार्डं केबिनमध्ये. स्टँड, मॉडिफायर (सॉफ्टबॉक्स, छत्र्या), चार्जर, कपडे चेक-इनमध्ये. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातच. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० मधल्या दोनच आणि त्याही एअरलाइनच्या परवानगीने. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. गोडॉक्स एडी२०० फ्लॅशची बॅटरी १४.४ व्होल्ट, २.९ अँपिअर-तास, म्हणजे ४२ च्या आत. प्रत्येकीच्या टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा. परदेशी काम असेल तर निघताना कस्टमकडून महागड्या उपकरणांचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परत येताना ते इथूनच नेलं होतं हे सिद्ध करत बसाल.

८. भाड्याने घ्या, आणि पैसे मागा

अंधेरीत कॅमेरा-लाइट भाड्याने देणाऱ्यांची रांग आहे, फोर्टात सीएसएमटीसमोरच्या गल्ल्यांत खरेदी-दुरुस्ती होते. वर्षातून मोजक्या वेळा लागणारी वस्तू विकत घेऊन वाहत बसण्यात अर्थ नाही. सामान ताब्यात घेताना काउंटरवरच सगळं मांडून त्यांच्यासमोर मोबाइलवर व्हिडिओ करा. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी आणि ओरखडे बघा, माउंटच्या पिना बघा, एक फोटो काढून मोठा करून तपासा. परत देतानाही असाच व्हिडिओ. डिपॉझिटची भांडणं निम्म्याने कमी होतात. मोठ्या लाइट असतील तर सोबत अटेंडंट येतो. त्याच्याशी दादा म्हणून नीट वागा आणि त्याच्या जेवणाचं आधीच ठरवा. स्टँडवर सँडबॅग टाकायला सांगितलं तर तो कुरकुरेल, तरी टाकायला लावा.

स्वतःच्या सामानाचे सीरियल नंबर आणि बिलं फोनवर आणि ई-मेलवर दोन्हीकडे ठेवा. विमा घेताना एजंटला तीन गोष्टी स्पष्ट विचारा : धंद्याच्या वापराला चालतो का, उभ्या गाडीतून चोरी झाली तर मिळतं का, आणि हातातून पडून फुटलं तर? घराच्या साध्या पॉलिसीवर विसंबू नका.

राहिला दराचा प्रश्न. कोटेशनमध्ये फोटोग्राफीचा एकच गोळा आकडा देऊ नका. असिस्टंट, वाहतूक आणि भाड्याचं सामान अशा वेगळ्या ओळी लिहा. पार्टी घासाघीस करायला लागली की 'मग लाइट कमी करू या' असं म्हणता येतं. नाहीतर कापले जातात ते टॅक्सीचे पैसे, आणि स्टँडची बॅग घेऊन तुम्ही परत त्याच जिन्यावर. असिस्टंटला पूर्ण दिवसाचे पैसे ठरवा आणि रात्री दहानंतर सुटणार असेल तर त्याचं घरी जायचं भाडं धरा. कर्जत-कसारा-विरारकडची मुलं शेवटच्या गाडीच्या हिशोबाने काम करतात, हे पार्टीला आधीच सांगून ठेवलेलं बरं.